सोन्याचे कण आणि लेझरने कॅन्सर जाळता येतो का? हे तपासायची वाट कमल रणदिवेंनी घालून दिली होती

देऊळगाव राजा. बुलढाणा जिल्ह्यातलं, बालाजीच्या मंदिरासाठी ओळखलं जाणारं गाव. इथून जालना तीसेक किलोमीटरवर. घरात कुणाला कॅन्सर निघाला की पुढचा प्रवास बहुतेकांचा ठरलेला असतो. आधी जालना, मग छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर रुग्णालय, आणि त्याच्याही पुढे जायची वेळ आली तर जालन्याहून गाडी पकडून मुंबई, परळ, टाटा.

या प्रवासात रिपोर्टच्या फाईलसोबत मोबाईल असतो आणि मोबाईलवर नातेवाईकांनी पाठवलेले मेसेज असतात. कुणी पपईच्या पानांचा रस सांगतो, कुणी गोमूत्र सांगतो. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडायचे, वरून लेझर मारायचा आणि कॅन्सरची गाठ जाळून टाकायची. सोबत इम्युनोथेरपी दिली की शरीर स्वतःच उरलेला कॅन्सर संपवतं.

आता गंमत अशी की पपईच्या रसाचा मेसेज आणि हा मेसेज एकाच पठडीतले नाहीत. सोन्याच्या कणांवर खरोखर संशोधन चालू आहे. पण मग पेशंटच्या मुलाने टाटामध्ये जाऊन ही ट्रीटमेंट मागायची का?

याचं उत्तर हो किंवा नाही, असं एका शब्दात देता येत नाही. ते समजून घ्यायचं असेल तर पुण्यात जन्मलेल्या एका बाईची गोष्ट माहीत असायला हवी. नाव डॉ. कमल रणदिवे.

पण त्याआधी ही सोन्याची भानगड नेमकी काय आहे ते थोडक्यात बघू.

अंधारात विजेरीवर पंजा धरला की बोटं लाल दिसतात. कारण लाल प्रकाश मांसातून थोडा आरपार जातो. लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. हा प्रकाश साध्या मांसाला फारसा तापवत नाही. पण वाटेत ठरावीक आकाराचे सोन्याचे कण आले तर ते कण हा प्रकाश शोषून घेतात आणि गरम होतात. हे कण किती लहान? माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि हे कण बहुतेक वेळा १०० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असतात.

कॅन्सरची गाठ घाईघाईत वाढते, त्यामुळे तिच्यातल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. रक्तात सोडलेले कण या फटींतून गाठीत शिरतात आणि साचतात. काही वेळा ते थेट गाठीतच टोचतात. मग बाहेरून लेझर मारला की कण तापतात आणि आजूबाजूच्या पेशी मरतात. शेजारच्या चांगल्या भागात कण कमी, म्हणून तिथे इजाही कमी.

पण एका जागची गाठ जाळली म्हणून कॅन्सर संपत नाही. तो दुसरीकडे पसरलेला असू शकतो. इथे इम्युनोथेरपीचं काम सुरू होतं. आपल्या रक्तातल्या टी पेशी शरीराचे पहारेकरी असतात. कॅन्सरच्या पेशी त्यांना ब्रेक लावून गप्प बसवतात. हा ब्रेक सोडवणारी औषधं आता उपलब्ध आहेत आणि त्यामागच्या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. उष्णतेने फुटलेल्या कॅन्सर पेशींचे तुकडे बाहेर पडतात, पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख पटते, आणि औषधाने ब्रेक सुटलेला असल्यामुळे ते दूरच्या गाठींवरही तुटून पडतात. निदान कल्पना तरी अशी आहे.

कल्पना एकदम भारी आहे. पण कॅन्सरच्या इतिहासात भारी कल्पनांची कमी कधीच नव्हती. त्यातली कुठली खरी ठरेल हे शोधायला एक जिना चढावा लागतो. पहिली पायरी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी. दुसरी पायरी उंदीर. त्यानंतर मोजके पेशंट, मग शेकडो पेशंट. आपल्याकडे या जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्या बांधणाऱ्या माणसांमध्ये कमल रणदिवेंचं नाव अगदी वर येतं.

८ नोव्हेंबर १९१७ ला पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव कमल समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकलंच पाहिजे, यावर वडील ठाम होते. कमल हुजूरपागेत शिकल्या, तिथून फर्ग्युसनमध्ये गेल्या. वडिलांची इच्छा होती की पोरीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. कमल यांनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्यांनी वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र घेतलं, आणि १९३९ साली ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केलं.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एमएस्सी केलं. विषय काय होता? सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या, त्यातले गुणसूत्रांचे धागे मोजायचे आणि आईबापाचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात हे समजून घ्यायचं.

सीताफळाचा आणि कॅन्सरचा काय संबंध, असं वाटू शकतं. पण देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. या पट्ट्यात शेडनेटमध्ये बीजोत्पादन चालतं. नर वाण वेगळा, मादी वाण वेगळा, हाताने परागीभवन करायचं आणि बाहेरचा पराग आत येऊ द्यायचा नाही. वाण शुद्ध नसेल तर बियाणं फेल जातं. कारण मग आलेला गुण नेमका कुणामुळे आला हे सांगताच येत नाही.

मुंबईत गेल्यावर कमलताईंनी नेमकं हेच काम केलं. फक्त तिथे झाडांच्या जागी उंदीर होते.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या विकृतीशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि सोबत मुंबई विद्यापीठाच्या पीएचडीचा अभ्यासही सुरू ठेवला. नोकरी, संसार आणि संशोधन असं तिन्ही एकदम.

त्यांनी उंदरांचे चार वेगवेगळे शुद्ध वाण घेतले. सख्ख्या भावंडांचं मीलन वीसहून जास्त पिढ्या करत गेलं की उंदरांचा असा वाण तयार होतो, ज्यातले सगळे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे असतात. या चारपैकी काही वाणांत स्तनाचा कॅन्सर खूप व्हायचा, काहींत अगदी कमी. कमलताई आणि खानोलकर यांनी या वाणांच्या निरोगी स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. कॅन्सर व्हायच्या आधीच त्यांच्यात काही फरक असतो का, हा प्रश्न होता.

१९४९ साली त्यांना पीएचडी मिळाली. पुढे याच वाटेवर त्यांनी दाखवून दिलं की स्तनाचा कॅन्सर होण्यामागे एकच कारण नसतं. आनुवंशिकता, शरीरातले हार्मोन आणि उंदरांमध्ये आईच्या दुधातून पिल्लांत जाणारा एक विषाणू, या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध असतो. कॅन्सर म्हणजे मागच्या जन्माचं पाप, असं मानणारी माणसं घरोघरी होती त्या काळातली ही गोष्ट आहे.

पण उंदीर झाले दुसरी पायरी. पहिली पायरी अजून बांधायची होती.

त्यासाठी कमलताई अमेरिकेतल्या बाल्टिमोरला गेल्या, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी काचेच्या नळीत वाढवल्या गेल्या. तिला न विचारता घेतलेल्या या पेशी हेला नावाने जगभर पोचल्या आणि आजही वाढताहेत. शरीराबाहेर माणसाच्या पेशी जिवंत ठेवणं हे त्या काळी जादूसारखं काम होतं. द्रव कोणता घालायचा, तापमान किती ठेवायचं, जंतू कसे दूर ठेवायचे, सगळं हाताने शिकावं लागायचं. कमलताई ते शिकल्या.

अमेरिकेत राहून करिअर करता आलं असतं. त्या परत आल्या.

१९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं होतं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. तिथे कमलताईंनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. भारतातल्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. प्रायोगिक जीवशास्त्राचा विभागही त्यांनीच बांधला. आता भारतातला शास्त्रज्ञ भारतातल्या पेशंटच्या गाठीतली पेशी भारतातच वाढवू शकत होता. औषध आधी काचेत तपासायचं, मग उंदरात तपासायचं. जिना तयार झाला होता.

या जिन्यावरून पहिल्यांदा काय काय चढलं ते बघण्यासारखं आहे.

एक म्हणजे कुष्ठरोग. त्याचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, ही डॉक्टरांची मोठी अडचण होती. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जंतू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात. पुढे डॉ. माधव देव यांनी याच जंतूपासून कुष्ठरोगावर लस तयार केली आणि तिच्या चाचण्या महाराष्ट्रातही झाल्या. मेलेला जंतू टोचून शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करायचं, ही त्यामागची कल्पना. आजची इम्युनोथेरपी वेगळी आणि कितीतरी पुढची आहे, पण शरीराची स्वतःची ताकद औषध म्हणून वापरायची हा विचार या इमारतीत तेव्हापासून नांदत होता.

दुसरं काम आपल्या रोजच्या जगण्यातलं. विदर्भात खर्रा, मराठवाड्यात गुटखा, आणि सुपारी तर सगळीकडेच. तंबाखू वाईट हे लोक ऐकून होते, पण सुपारी मात्र देवाच्या पूजेतली, म्हणजे निरुपद्रवी, असा समज होता. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूचे अर्क काढून हॅमस्टर आणि उंदरांवर प्रयोग केले. १९७६ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. तंबाखू नसलेल्या सुपारीच्या अर्कानेही प्राण्यांमध्ये गाठी होऊ शकतात, असं त्यातून पुढे आलं. पुढे जगभरातले असे अनेक पुरावे जमा होत गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या अहवालात सुपारीची गणना माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत झाली.

१९६६ ते १९७० या काळात कमलताईंनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. याच काळात हॉस्पिटल आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार झाल्या आणि त्यांचे दोनशेच्या वर शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

पण प्रयोगशाळेत त्यांना एक गोष्ट दिसत होती. हुशार मुली विज्ञानात येतात आणि लग्न झालं, मूल झालं की गळतात. मग १९७३ साली त्यांनी सहकारी महिलांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. वाशीतल्या तिच्या केंद्रात पुढे नोकरदार मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर आलं. मुलींना विज्ञानात टिकवायचं असेल तर मूल सांभाळायची सोयही हवी, इतकी साधी गोष्ट होती ती.

१९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर आराम करायचं सोडून त्या अकोले तालुक्यातल्या राजूर भागात गेल्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, बायकांना प्राथमिक आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. ११ एप्रिल २००१ ला त्यांचं निधन झालं. २०२१ साली त्यांच्या जन्मदिवशी गुगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा अनेक मराठी माणसांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्यांच्या निधनानंतर लगेचच, २००२ साली, त्यांची संशोधन संस्था परळहून नवी मुंबईत खारघरला गेली. आज ती अॅक्ट्रेक या नावाने ओळखली जाते.

आणि इथेच आपण सोन्याच्या कणांपाशी परत येतो.

कारण याच अॅक्ट्रेकमधले शास्त्रज्ञ आणि आयआयटी मुंबईतली रोहित श्रीवास्तव यांची टीम यांनी मिळून सोन्याच्या कणांवर काम केलं आहे. सोनं शरीरात विरघळत नाही, मग काम झाल्यावर ते जाणार कुठे, ही या उपचारातली मोठी अडचण. त्यांनी चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांवर सोन्याचा थर दिला. लेझरने तापून काम झालं की शरीरात हे फुगे फुटावेत, सोन्याचे आणखी बारीक तुकडे व्हावेत आणि किडनीवाटे बाहेर पडावेत, अशी रचना. २०१५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. प्रयोग झाले ते काचेतल्या पेशींवर आणि उंदरांवर. म्हणजे कमलताईंनी ज्या दोन पायऱ्या बांधल्या, त्याच दोन पायऱ्यांवर.

जगात इतरत्र काय चालू आहे? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात उंदरांच्या शरीरात दोन बाजूंना मूत्राशयाच्या कॅन्सरच्या गाठी वाढवल्या. चांदणीच्या आकाराचे सोन्याचे कण दिले, लेझर फक्त एका बाजूच्या गाठीवर मारला आणि सोबत पहारेकऱ्यांचा ब्रेक सोडवणारं औषध दिलं. लेझर न लागलेल्या दुसऱ्या बाजूच्या गाठीवरही परिणाम झाला. काही उंदरांच्या गाठी पूर्ण गेल्या. बऱ्या झालेल्या उंदराला पुन्हा त्याच कॅन्सरच्या पेशी टोचल्या तरी गाठ आली नाही, जणू लसच दिली होती. हे २०१७ सालचं.

माणसांचं काय? २०१९ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचा पहिला अहवाल आला. प्रोस्टेटच्या कॅन्सरचे १६ पेशंट होते. त्यांना सोन्याचा मुलामा असलेले कण देऊन लेझर मारला आणि १५ जणांमध्ये ही प्रक्रिया व्यवस्थित पार पडली. पण त्यात इम्युनोथेरपी नव्हती आणि ही गाठ एकाच जागी असलेल्या पेशंटची चाचणी होती. सोनं अधिक इम्युनोथेरपी या जोडीबद्दलचे जे थक्क करणारे निकाल तुम्ही वाचता, ते मुख्यतः उंदरांवरचे आहेत.

उंदरात चाललेलं माणसात चालतंच असं नाही. उंदराची गाठ कातडीखाली असते, लेझर तिथे सहज पोचतो. माणसाची गाठ फुफ्फुसात किंवा स्वादुपिंडात खोल असते. प्रकाश काही सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. शिवाय बरेचसे कण गाठीऐवजी यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात. या अडचणींवर काम चालू आहे.

म्हणजे सगळं हवेतच आहे का? तसंही नाही. जिना वरपर्यंत चढता येतो हे आपल्याच डोळ्यांसमोर घडलं आहे. पेशंटच्या स्वतःच्या टी पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायची कार टी ही इम्युनोथेरपी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून भारतात विकसित केली. काचेतल्या पेशी, मग उंदीर, मग २०२१ पासून पेशंट, असा एकेक टप्पा पार करत ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला देशात मान्यता मिळाली. काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी ती आज पेशंटला मिळते.

त्यामुळे सोन्याचा मेसेज पुन्हा मोबाईलवर आला तर तो खोटा म्हणून उडवून लावायची गरज नाही आणि त्यावर विसंबून चालू उपचार थांबवायचे तर अजिबात नाहीत. फक्त तीन प्रश्न विचारायचे. हा प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर झाला असेल तर किती जणांवर आणि कुठल्या कॅन्सरच्या? आणि माझ्या पेशंटच्या प्रकारासाठी अशी एखादी नोंदणी झालेली चाचणी चालू आहे का? शेवटचा प्रश्न टाटामध्ये किंवा संभाजीनगरला आपल्या डॉक्टरांना सरळ विचारता येतो. अधिकृत चाचणीत उपचार म्हणून गळ्यात लाखोंचं बिल मारत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कुणी आगाऊ पैसे मागून सोन्याचा उपचार देत असेल तर तिथून उठून यायचं. आणि सुवर्णभस्म खाणं म्हणजे ही ट्रीटमेंट नव्हे. लेझरशिवाय, ठरावीक आकाराच्या कणांशिवाय यातलं काहीच घडत नाही.

कमल रणदिवेंनी स्वतः सोन्याच्या कणांवर काम केलं नव्हतं. त्यांच्या काळात हा विषयच नव्हता. त्यांनी केलं ते त्याच्या आधीचं आणि कुणाच्या नजरेत न भरणारं काम. पेशंटच्या अंगावर प्रयोग करण्याआधी तो कुठे करायचा, त्याची जागा त्यांनी इथे, आपल्याकडे तयार केली. देऊळगाव राजाहून फाईल घेऊन निघालेला माणूस टाटाच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याला दिलं जाणारं प्रत्येक औषध आधी कुठेतरी काचेच्या भांड्यातल्या पेशींनी आणि उंदरांनी तपासलेलं असतं. सोन्याचे कणही ज्या दिवशी हा जिना पूर्ण चढतील, त्या दिवशी ते त्या रांगेपर्यंत पोचतील. तोपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तारीख चुकवायची नाही.